चिवचिवणारा खोका

ऑर्व्हिल स्टँकीनं सहा वर्षं नौदलाच्या जहाजावर बॉयलर सांभाळला आणि पुढं एकतीस वर्षं तो नेब्रास्कातल्या आपल्या गावी टपाल वाटत आला होता. बॉयलरच्या घरघरीमुळं त्याला ओरडून बोलायची सवय जडली होती. खरा संतापला की मात्र आवाज एकदम खाली यायचा.

त्या शनिवारी दुपारी तो अगदी हळू बोलला. अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीतून टपालानं आलेला कोंबडीच्या पिल्लांचा खोका पोस्टात चिवचिवत होता. ज्यांची पिल्लं, त्या हल्डाआजी सकाळपासून फोन उचलत नव्हत्या, आणि सोमवारी शहीद जवानांच्या स्मृतिदिनाची सुट्टी होती.

"फेरी संपली. आता मंगळवारी," नवा पोस्टमास्तर क्रेग म्हणाला.

"तोवर मरतील ती, बाळा."

"मग हॅचरी दुसरी पाठवेल की!"

"पिल्लं आहेत ती, पायमोजे नाहीत. सोमवारी छातीवर हात ठेवून शहिदांवर भाषण ठोकशील, आणि इथं जिवंत जीव कोंडून मारशील? मी नेतो. लिही माझी तक्रार. पेन देऊ?"

खोका पोटाशी धरून तो निघाला. पिल्लांना ऊब हवी म्हणून मे महिन्यात गाडीचा हीटर लावून, घाम पुसत अकरा मैल गेला.

हल्डाआजी खुराड्यातच होत्या. "केव्हाचा दिवा तापवून बसलेय मी!"

"आणि फोन?"

"तो घरात वाजतो, इथं नाही. उभा काय राहिलास? एकेकाची चोच पाण्यात बुडव, त्याशिवाय प्यायला शिकत नाहीत."

ऑर्व्हिल गुडघे टेकून बसला आणि दर चोचीमागं क्रेगला एक नवी शिवी हासडत राहिला.