उन्हात ठेवलेला सेल

कुरडयांच्या मधोमध तो सेल मीच ठेवला, हे आधीच कबूल करतो.

एप्रिलचं ऊन होतं. गच्चीवर बायकोनं जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. मला वाटलं, एवढं फुकटचं ऊन पडलंय, तर सेललाही थोडं मिळू दे. लहानपणी आमच्याकडे टॉर्चचे सेल उतरले की वडील ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी टॉर्च पुन्हा चार दिवस मिणमिणायची. ऊन नसेल तर सेल दाताखाली चावायचा. आमच्या घरातल्या प्रत्येक सेलवर कोणाच्या ना कोणाच्या दाढेची खूण असे. मी हा सेल चावला नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं धरावं.

आणि हे करणारा माणूस कोण? अंबडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं कंट्रोल पॅनल सांभाळणारा आणि नव्या पोरांना फळ्यावर ओहमचा नियम शिकवणारा. त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यानं पुढचं वाचू नये.

सेल माझा नव्हता, माझ्या मेहुण्याचा होता. बायकोचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. दिंडोरीकडे द्राक्षबाग, वय अडतीस, दोन मुलींचा बाप. छाटणीच्या कात्र्या घ्यायला नाशिकला आला की मुक्काम आमच्याकडे. दोन वर्षांपूर्वी राखीला बायको त्याला म्हणाली होती, ओवाळणी नको, सिगारेट सोड. त्यानं खरंच सोडली. बायकोनं ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. सिगारेटच्या जागी काय आलं, ते मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही. आली होती एक स्टीलची नळी, खिशातल्या टॉर्चएवढी. खाली सेल, वर तारेची छोटी कॉइल. बटण दाबलं की कॉइल तापते, तिच्यावरचं गोड वासाचं पाणी उकळतं आणि आमचा मेहुणा फवारणीच्या ट्रॅक्टरसारखा धूर सोडतो.

आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "दाजी, हिचा सेल लय लवकर उतरतोय. तुम्ही लाइटवाले ना, बघा की."

लाइटवाले म्हटल्यावर मी फुगलोच. सेल काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी, वर सांगितलं तसं, उन्हात नेऊन ठेवला.

दुपारी बायको कुरडया उलटायला वर गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे काय ठेवलंय माझ्या कुरडयांत? हात पोळला माझा!"

मी धावत गेलो. सेल चांगलाच तापला होता आणि त्याचं हिरवं प्लॅस्टिकचं वेष्टन एका कडेनं उकललं होतं. उन्हात सेल ठेवायचा नसतो, विशेषतः हा असला लिथियमचा, हे मला त्या क्षणी आठवलं. अशा गोष्टी मला त्या क्षणीच आठवतात. सावलीत नेऊन, निवल्यावर नीट पाहिला, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

हिरव्या वेष्टनाच्या आत दुसरं वेष्टन होतं, जुनं, गुलाबी, ओरखडलेलं. दोन्ही टोकांवर बारीक ठिपके होते. पट्ट्या वेल्डिंग करून जोडलेल्या असतात, त्या उपटल्या की असे ठिपके राहतात. म्हणजे हा सेल कोणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढला होता, वर नवं हिरवं जाकीट चढवलं होतं, आणि त्यावर मोठ्या आकड्यांत पस्तीस अँपिअर छापलं होतं. लॅपटॉपच्या म्हाताऱ्या सेलकडून पाच-सहा अँपिअर काढले तरी त्याला धाप लागते.

"कॉइल कुठली लावतोस?" मी मेहुण्याला विचारलं.

त्यानं बॅगेतून पाकीट काढलं. वर लिहिलं होतं, शून्य पॉइंट एक पाच ओहम.

मी रद्दीतल्या पेपरच्या कडेला भागाकार केला. सेल पूर्ण भरलेला असताना चार व्होल्टच्या थोडा वर असतो. त्याला शून्य पॉइंट एक पाचनं भागलं की सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर येतात. आमच्या बाथरूममधला गीझर याच्या निम्मादेखील करंट घेत नाही. आणि नळीत मध्ये करंट अडवणारं काही नव्हतंच, ना सर्किट, ना फ्यूज. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला. इतक्या कमी ओहमची कॉइल म्हणजे जवळजवळ शॉर्टच.

"एवढी कमी कशाला लावली?"

"धूर लय येतो ना. दुकानदार म्हणला, ओहम कमी तेवढी मजा जास्त."

मी नळी उलटी केली. अशा नळीच्या बुडाला भोकं ठेवतात. सेल बिघडलाच तर आतला वायू तिथून निघून जावा, नळी फुटू नये, म्हणून. भोकं दिसेनात. तिथं काहीतरी करडं, दगडासारखं घट्ट लिंपलेलं होतं.

"हे काय?"

"ठिबकच्या पाइपाची गळती बुजवतो ना, तो मसाला," मेहुणा अभिमानानं म्हणाला. "फवारताना औषधाचं पाणी आत जायचं. दिला मळून लावून. आता एक थेंब जात नाय."

त्या कामाला मी दाद दिली असती. कड बोटानं सारखी केलेली, कुठं फट नाही. आमच्याकडच्या माणसाला भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय झोप येत नाही. फक्त या भोकांवरच त्याचा जीव अवलंबून होता.

"ही ठेवतोस कुठं?"

त्यानं शर्टच्या डाव्या खिशावर थाप मारली.

"आणि धाकटी ट्रॅक्टरवर कुठं बसते?"

"मांडीवर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "रेलून बसते अंगावर."

मला वाटलं, आता तरी कळलं. पण नाही. लगेच मान झटकून म्हणाला, "काय नाय होत हो दाजी. दोन वर्षं झाली."

'काय नाय होत' या वाक्याचा मला जेवढा राग येतो तेवढा जगातल्या दुसऱ्या कशाचा येत नाही. सव्वीस वर्षं मी ते ऐकतोय. चालू पॅनलमध्ये हात घालणारा हेच म्हणतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा हेच म्हणतो. आमच्याकडे हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणणारा जो फिटर होता, त्याला पुढं उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तेव्हाही तो दवाखान्यात म्हणाला होता, काही होत नाही, तीन आहेत. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्यांनी खिडकी उघडली, एवढं सांगतो.

मेहुणाही चिडला. "मग काय करू? परत सिगारेट सुरू करू? सांगा तसं, ताईच्या समोरच सांगा!"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कुरडयांचा डबा. मला उत्तर सुचलं नाही की मी दुसऱ्या कोणावर तरी रागावतो.

"चल," मी म्हणालो. "ज्यानं विकलं त्याच्याकडे चल."

सेल मी शास्त्रानुसार कागदात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या डबीत घातला, डबी शर्टच्या खिशात. इतकी काळजी. ही काळजी लक्षात ठेवा.

दुकान शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत होतं. दर्शनी भागात मोबाइलची कव्हरं लटकवलेली. या नळ्या विकायला बंदी आहे, म्हणून त्या काउंटरच्या खाली. मेहुण्याला बघून दुकानदार हसला, मला बघून हसायचा थांबला.

मी डबी उघडून सेल काउंटरवर ठेवला. "हा नवा म्हणून विकला?"

"नवाच आहे काका."

"मग हा आतला गुलाबी सदरा कोणाचा?"

"ते आम्हाला माहीत नाही. माल वरून येतो."

"बिल दे."

"बंदीच्या मालाचं बिल कसं देणार काका? तुम्ही समजदार माणूस."

हे तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की माझ्या कानशिलातलं रक्त उसळलं. बंदी आहे म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून तक्रार नाही, आणि कुठल्या कॉइलला कुठला सेल चालतो हे विचारावं तर सांगायला माणूस नाही. बंदीचा त्रास सगळा आमच्या मेहुण्याला, फायदा सगळा याला! वर त्यानं खालून एक स्टीलचा डबा काढला. खाऊचा असतो तसा. आत पंधरा-वीस सेल सुटे, एकमेकांवर गडगडत होते. "हे घ्या, ओरिजिनल. तुमच्यासाठी."

मी काउंटरवर हात आपटला. स्टीलचा डबा, सुटे सेल, एकाचं वेष्टन फाटलं की दुकान पेटेल, हे मी खालच्या आवाजात सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. करंट म्हणजे काय, विरोध म्हणजे काय, वायू कोंडला की काय होतं, सगळं त्या गल्लीला ऐकवलं. चार-पाच माणसं जमली. त्यातले एक आजोबा मला समजावू लागले, "जाऊ द्या हो, मोबाइलच्या कव्हरासाठी कशाला बीपी वाढवता?" दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आतून म्हणाला, "काका, लोकांना धूर पाहिजे. मी धूर देतो."

पोलिसांकडे जातो, असं मी शटरला सांगितलं. सेल उचलला, पुरावा म्हणून पॅंटच्या खिशात कोंबला आणि तरातरा निघालो.

डबी काउंटरवर राहिली. खिशात घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

स्कूटर मेहुणा चालवत होता, मी मागं. त्याच्या कानाशी माझं चालूच होतं. "धातू लागला ना सेलच्या दोन्ही अंगांना, की संपलं. किल्ली लागली, नाणं लागलं तरी." मांडीला गरम लागत होतं. मला वाटलं, इंजिन तापलंय. याची सर्व्हिसिंग वेळेवर करत नाहीस, हेही त्याला सुनावलं. पुढं सिग्नलला थांबलो आणि मांडीवर कोणी तापलेलं उलथनं ठेवावं तसा चटका बसला.

त्यानंतरचं मी स्वतः नीट पाहिलेलं नाही. मेहुणा सांगतो की मी स्कूटरवरून उडी मारली आणि द्वारकेच्या भर चौकात, वणीच्या, मालेगावच्या, सिन्नरच्या गाड्यांसमोर, पॅंट खाली ओढली. खिशातून धूर येत होता. मेहुण्यानं पॅंट माझ्या पायांतून खेचून रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगावर फेकली. तिथं ती सळसळली, फुसकन आवाज झाला आणि एक ठिणग्यांचा फवारा उडाला. एका रिक्षावाल्यानं पायानं तिच्यावर वाळू लोटली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, कारण सिग्नल सुटला होता.

मेहुणा बाटलीतलं पाणी माझ्या मांडीवर ओतत होता. बाटली संपली तर रिक्षावाल्याची घेतली, तीही ओतली. मी हाफपॅंटवर, म्हणजे खरं तर हाफपॅंटही नाही, दुभाजकावर बसून होतो. तेवढ्यात तो त्या वाळूकडे बघत म्हणाला, "दाजी, हा तर खिशात होता नुसता. उघडा. नळीत कोंडलेला असता..."

त्याचा डावा हात शर्टच्या खिशावर गेला होता. नळी तिथंच होती, रिकामी. त्यानं ती दोन बोटांत, विंचू धरावा तशी बाहेर काढली.

तळहाताएवढा फोड आला. डॉक्टरांनी मलम दिलं, पट्टी दिली, आणि कसं झालं ते विचारलं. व्यवसाय काय, हेही विचारलं. मी शेतकरी सांगितलं.

घरी आल्यावर मेहुण्यानं नळी, कॉइलची पाकिटं, गोड पाण्याची बाटली, सगळं पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवलं. "टाका तुमच्या भंगारात. सिगारेटबी नाय घेत. जमतंय का बघतो. नाय जमलं तर ताईला फोन करीन, पण खिशात कायबी ठेवणार नाय." दिंडोरीला जाताना शर्टचा डावा खिसा तो सारखा चाचपत होता. जमेल की नाही, कोण जाणे. दुकान अजून चालूच आहे. तक्रार करायला गेलो, तर पुरावा कुठं म्हणून विचारलं. पुरावा वाळूत गेला होता. तो राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

तो गेल्यावर बायको माझी पट्टी बदलत होती. दुकानदार, शटर, भागाकार, सगळं मी तिला पुन्हा एकदा आवेशानं सांगितलं. तिनं मलम लावलं, चिकटपट्टी दातानं तोडली आणि म्हणाली, "एवढं जाळून घेण्याआधी मला विचारायचं तरी. मी नुसती त्याच्यासमोर रडले असते तरी त्यानं ती नळी टाकली असती. पॅंट वाचली असती."