चांदीचं पाणी चढवलेली पट्टी

माणसाच्या मांडीतून काढलेली पोलादी पट्टी किसनमामा कधी फेकू देत नसत. नळाखाली धुऊन ती खिडकीच्या उजेडात धरायची आणि अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, ही त्यांची सवय. अकोल्यातल्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहून मला शिसारी आली होती. ऑपरेशनच्या खोलीत पट्ट्या आणि स्क्रू उकळून ट्रेमध्ये मांडणं हे त्यांचं काम.

साठ सालच्या आगेमागे पट्टीनं हाड जोडण्याचं आम्हाला मोठं अप्रूप होतं. ज्याचं जुळायचं त्याचं जुळायचं. पण कित्येकांना पुढे ताप भरायचा, जखमेतून पू यायचा आणि पेनिसिलिनचीही मात्रा चालायची नाही. मग पट्टी काढा. मामा ती मला दाखवत. "पाहा बाई, जिथी कानशीचा ओरखडा हाये तिथी हाडानं धरलं. चिकन्या जागी नुसता पू. भितीले टोचे मारल्याबिगर गिलावा धरते का?"

दुसरं त्यांचं म्हणणं चांदीचं. "आमच्या गावी पाटलाच्या रांजणात चांदीचा रुपया टाकत. पानी सडत नोतं. आमाले तो रांजण शिवू देत नोते, पन ध्यानात रायलं." पट्टी कानशीनं खरबरीत करायची आणि वर चांदीचं पाणी चढवायचं; जंतू मरतील, हाडही धरेल. एकदा धीर करून त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मनानं वाईट नव्हते, पण हसले. "किसन, उद्या हाडाला कल्हई लाव म्हणशील." तेव्हापासून सगळा दवाखाना त्यांना कल्हईवाला म्हणू लागला. मामाही हसत. मीही हसले होते, ते लपवत नाही.

त्यांची मुलगी सुमन. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरात शिकून नोकरीला लागलेली पहिलीच; बाळापूरकडे एका शाळेत बाई होती. "माह्या पोरीच्या हातात खडू हाये," एवढंच मामा सांगत, पण दिवसातून दोनदा सांगत. ती एस.टी.तून उतरताना पडली आणि मांडीचं हाड मोडलं.

ऑपरेशनला दोन दिवस होते. तेवढ्यात मामांनी बायकोच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या सराफ्यातल्या ओळखीच्या कारागिराकडे नेल्या आणि एका पट्टीवर चांदी चढवून आणली. फक्त मला सांगितलं. "ट्रेमधी दोनी ठेवतो. डॉक्टरले तिथीच इचारतो. पोटच्या पोरीसाठी कोनी हासत नाई."

त्या दिवशी ट्रेमध्ये दोन्ही पट्ट्या होत्या, एक निळसर, एक पांढरी. डॉक्टरांनी माझ्यापुढे हात केला. "पट्टी." मी मामांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावरच्या फडक्याआड काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं, पण आवाज फुटला नाही. मग हातातल्या चिमट्यानं त्यांनी साधी पट्टी दाखवली. मी ती दिली. मलाही तोंड होतं, पण मीही उघडलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पू आला. पट्टी काढली, तरी ताप हटेना. शेवटी जीव वाचवायला पाय मांडीपासून कापावा लागला. शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर मामांनी कुठल्याही पट्टीवर नख फिरवलं नाही. काढलेली पट्टी न बघता टोपलीत टाकत. मला एकटी पाहिलं की म्हणत, "मी भेलो, बाई. हासतीन म्हनून भेलो."

"मामा, चांदीनं काही झालं नसतं," मी एकदा समजूत घातली.

"नसतं झालं तं नसतं. पन आता कोनाले इचारू?"

मी नोकरी बदलून अमरावतीला निघाले तेव्हा त्यांनी ती चांदी चढवलेली पट्टी फडक्यात गुंडाळून मला दिली. घरी ठेवली तर पोरीच्या नजरेला पडेल म्हणाले.

मामा गेल्याचं कळलं तशी मी एस.टी.नं अकोल्याला गेले. पोहोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. सुमन दारातच कुबडीवर रेलून उभी होती. मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि बाकीच्या बाया उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, बाबा शेवटी शेवटी एकच बोलत. मी भेलो, मी भेलो. कायले भेले होते ते?"

पट्टी माझ्या पिशवीत होती. तिलाच द्यायची म्हणून आणली होती.

"मला ठाऊक नाही गं," मी म्हणाले.