नऊ ते दहाचे पोहे

नातवंडांनाही हे ठाऊक नाही. आधी तुम्हालाच सांगते. जी झडती मी पाहिलीच नाही, ती पाहिली म्हणून मी पंचनाम्यावर सही केली.

हसा. मीही हसते त्या बाईला. पन्नाशीची, अंगात महिला मंडळाचं अध्यक्षपद. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेड होतं. तिथं नशेची पावडर बनते म्हणून पोलीस आले, साक्षीला पंच हवा म्हणाले. आणि विचारलं कोणाला — तर मला. लगेच इस्त्रीची साडी नेसले. पण दारात आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं? ते शेडमध्ये ड्रम उघडत होते, मी घरी ओट्याशी पोहे परतत होते. नंतर कागद आला. सही केली — चांगली वळणदार.

इथवर मूर्खपणा. पुढचं मात्र त्यात बसत नाही. कोर्टात शपथ घेऊन सांगितलं, सगळं माझ्यासमोर झालं. का? पोलिसांची भीती? छे. अध्यक्षीणबाई ऐनवेळी चुलीपाशी होत्या, असं कुणी म्हणू नये — एवढंच. शेडमध्ये रोजीवर राबणाऱ्या मोरेश्वरला दहा वर्षांची शिक्षा झाली. ड्रममध्ये काय आहे हे त्याला माहीत होतं का? मला आजही सांगता येत नाही. मी पाहिलंच कुठे होतं?

उलटतपासणीत मात्र माझी जीभ घसरली. फुशारकीच ती — नऊ ते दहा ओट्यासमोरून हलले नाही, साहेब, पाच जणांचे तर्री-पोहे केले. पंचनाम्यात झडतीची वेळ तीच, नऊ ते दहा. तेव्हा कुणी दोन्हींची सांगड घातली नाही. अपिलात मोरेश्वरच्या नव्या वकीलबाईंनी घातली. शिक्षा ठरवताना पावडरीच्या वजनात ड्रमांचंही वजन धरलं होतं, तेही त्यांनीच दाखवलं. हायकोर्टानं मोरेश्वरला सोडलं. तोवर सहा वर्षं गेली होती.

आणि गल्लीत मी ठरले खरं बोलणारी. मी ठरू दिलं.

त्या वकीलबाईंचे उपकार मानते, माझ्या बडबडीचेही. सगळ्यांत जास्त मोरेश्वरच्या बायकोचे, सुनंदाचे. तो घरी आला त्या संध्याकाळी ती पेढ्यांचा डबा घेऊन माझ्या दारात उभी. डबा पुढे करत ती हळूच म्हणाली,

"काकू, झडतीच्या वेळी शेडच्या दारात मी उभी होती. तुम्ही नव्हत्या. मी सांगून राहिली होती, पण बायकोचं कोण ऐकते? घ्या, पेढा घ्या."