लाल बाटल्या

आमच्या मोबाइलच्या गेममधल्या योद्ध्याजवळ नव्याण्णव लाल बाटल्या आहेत. त्याहून जास्त ठेवताच येत नाहीत, नाहीतर मी ठेवल्या असत्या. एक बाटली पाजली की त्याच्या जखमा भरतात. आजवर मी त्याला एकही पाजली नाही.

हा गेम मी अन् माझी धाकटी बहीण मिळून खेळायचो. एटापल्लीतल्या आमच्या घरात मोबाइल एकच, म्हणून योद्धाही एकच. तलवार तिच्याकडे, बाटल्यांची झोळी माझ्याकडे. योद्धा मरायला टेकला तरी मी म्हणायचो, "थांब, समोर मोठा राक्षस असन, त्याच्यासाठी ठेवू." मोठा राक्षस आला की म्हणायचो, याच्याहूनही मोठा असन. मग योद्धा मरायचा, बाटल्या तशाच राहायच्या अन् तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. ती अशी भडकायची!

"दादा, कंजूसपणाची हद्द झाली राजेहो! मेल्यावर पाजतं का त्याले?"

मी हसायचो. मला वाटायचं, मीच हुशार.

तिला सिकलसेल होता. आमच्याकडे हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. दुखणं उठलं की हाडं आतून फुटताहेत असं वाटतं, असं ती सांगायची. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, अन् कागदावर किती द्यायच्या ते लिहूनही दिलं होतं. दुखायला लागलं की द्या, वाट पाहू नका, असं बजावलं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात.

चंद्रपूर इथून काही जवळ नाही. आलापल्लीवरून बसनं जाण्यातच दिवस जातो, अन् पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तेही बंद. म्हणून आमच्याकडे मिरगाच्या आधी मीठ, तेल, सरपण भरून ठेवतात अन् चार महिने पुरवून पुरवून वापरतात. मी गोळ्याही तशाच वापरल्या. मीठ अन् गोळी यातला फरक मला कळला नाही, गाढवाला!

त्या पावसाळ्यात आठ दिवस रस्ता बंद होता. पहिल्याच दिवशी तिचं दुखणं उठलं. दारापाशी खाटेवर ती ओढणीचं टोक दातात धरून पडली होती.

"दादा, एक गोळी दे नं."

"सकाळी देल्ली नं एक. आज नाई आता. उद्या जास्त दुखलं तर काय देऊ तुले?"

तिनं ओढणीचं टोक सोडलं. मग म्हणाली, "याच्याहून मोठा राक्षस आहे का दादा?"

"असन," मी म्हणालो. अन् विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून तिचे पाय शेकत बसलो. आठही दिवस असंच चाललं. रोज एक गोळी, अन् बाकी वीट.

पूर ओसरल्यावर तिला चंद्रपूरला नेलं. तोवर छातीत कफ दाटला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. गोळ्यांनी ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. नसती वाचली, कबूल! पण ते आठ दिवस मी तिला दुखू दिलं, माझ्या हातानं, डबा जवळ असताना.

घरी आल्यावर आईनं डबा उघडला. तिला वाचता येत नसलं तरी मोजता येतं. एकेका पट्टीवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "एवढ्या काऊन उरल्या रे?"

मी अंगणात निघून गेलो. त्या गोळ्यांची तारीख आता उलटून गेली आहे. डबा तिथंच आहे.

परवा दुपारी मी गेम उघडला. म्हटलं, जाऊ दे, पाजून टाकू सगळ्या. शेवटचं खेळलो तेव्हा तिनं योद्ध्याला गावात आणून ठेवलं होतं अन् तिथं त्याच्या जखमा आपोआप भरतात. मी एक बाटली उघडायला गेलो. उघडेना. पुन्हा दाबलं. पडद्यावर आलं, याला आता काही दुखत नाही, औषधाची गरज नाही.