डॉक्टरांनी लिहून दिलेला कॅमेरा

आमच्या शिरूरच्या कॅमेरावाल्या टोळीकडं आता फोटो कमी आणि किस्से जास्त, अशी गत झालीय. माझं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "निवांत छंद लावून घ्या. फोटोग्राफी बरी." सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, अट घातली. रविवारी फिरून आलो की दारातच बीपी मोजायचं. वरचा आकडा दीडशेच्या पुढं गेला, की कॅमेरा भाच्याला. मशीन तिनं चपलांच्या स्टँडवरच ठेवलं.

* * *

पहिल्याच रविवारी शेळकेनं घात केला. शेळके आमचा टायरवाला, भलताच उत्साही गडी. घोड नदीच्या पुलाखाली आग्यामोहोळ दिसलं आणि पठ्ठ्यानं त्यावर फ्लॅश मारला. कॅमेरे डोक्यावर धरून आम्ही अर्धा तास गळ्यापर्यंत पाण्यात! मग मी रसवंतीवर तासभर बसलो, आकडा उतरला असेल असं वाटल्यावरच घरी गेलो.

* * *

वरवंडला शेवंतीच्या मळ्यात ट्रायपॉड लावला, तर मळ्याचे मालक आप्पा धावत आले. त्यांना वाटलं, रस्त्याची मोजणी आली.

"जमीन द्यायची न्हाई. ही तिपाई उचला आन् निघा."

शेळकेनं फुलांचे फोटो दाखवले. आप्पांची खात्री पटली. मग बैल, सूनबाई, विहिरीवरची नवी मोटर, सगळ्यांचे फोटो काढून घेतल्याशिवाय सोडलंच नाही. त्या दिवशी आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला.

"दोनच उरलेत," सुनंदा म्हणाली.

* * *

आणि हा परवाचा. इनामगावजवळ, नदीकाठी उसाच्या कडेला बसून मी पाऊण तास एका खंड्या पक्ष्यावर नजर लावली होती. इतकं शांत मला वर्षात वाटलं नव्हतं. तेवढ्यात गाडीजवळून शेळके हळूच म्हणाला, "काका, उठा. सावकाश या. मागं बघू नका."

मला वाटलं, पुन्हा मोहोळ. गाडीत बसल्यावर त्यानं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. मी खंड्याकडं बघतोय आणि माझ्या मागं, बांधावर बसून, बिबट्या माझ्याकडं बघतोय.

"अरे, आधी सांगायचं की आधी फोटो काढायचा?"

"काका, सांगितलं असतं तर तुम्ही हलला असता. फोटो बिघडला असता."

त्या दिवशी रसवंतीवर दोन तास काढले. कॅमेरा गेलाच, असं धरून घरी पोचलो, तर स्टँडवर मशीन नाही. आत सुनंदा खुर्चीत बसलेली, पट्टा तिच्याच दंडाला. समोर मोबाईल. शेळकेनं फोटो कधीच ग्रुपवर टाकला होता.

मी बाही सरकवून हात पुढं केला.

"थांबा," ती म्हणाली, "आधी माझं उतरू द्या."