सिममधली गावं

माझा मोबाईलवर विश्वास नाही, सिमवर आहे. मोबाईल हातातून पडतो, त्याची बॅटरी फुगते, आणि मुलगा म्हणतो, आई, आता हा पुरे झाला. पहिल्यांदा फोन बदलला तेव्हा माझे सगळे नंबर जुन्या फोनमध्येच राहून गेले होते आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा मुलाने सेटिंगच करून दिली. मी टाकलेला नंबर फोनमध्ये न राहता सिममध्ये जाणार. "आता सिम कोणत्याही फोनमध्ये टाक, तुझी माणसं तुझ्यासोबत येतील," असं तो म्हणाला. मला ते इतकं आवडलं की पुढच्या हळदीकुंकवाला मी चारचौघींना सांगत सुटले.

माझ्या सिममध्ये नावं कमी आणि ओळखी जास्त. दूधवाला, गॅस, मोठी नणंद. मुलासाठी मुली पाहायला लागलो तेव्हा त्यांचेही नंबर आले, ते मी गावावरून टाकले. दारव्हा मुलगी, पुसद मुलगी, घाटंजी मुलगी. बायोडाटावरची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, गाव राहतं. आता लिहिताना हे बोचतं, तेव्हा सोयीचं वाटायचं. आम्ही यवतमाळात राहणारे, मिस्टर कचेरीतून निवृत्त झालेले, मुलगा एकुलता एक आणि पुण्याला नोकरीत. अशा मुलाच्या आईची मान जरा ताठ होतेच. माझी तर वाकतच नव्हती.

बाभुळगावची मुलगी सगळ्यांना पसंत पडली. मुलगा येऊन पाहून गेला, त्यालाही आवडली, दोन्हीकडून होकार झाला. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी निघायची होती. त्याच संध्याकाळी मी मुलीच्या आईचा नंबर 'बाभुळगाव विहीण' असा सिममध्ये टाकून घेतला. तारखेचा पत्ता नाही आणि माझी विहीण झालीसुद्धा. मला हौस दांडगी.

अडचण आर्णीची होती. मिस्टरांच्या मावसभावाने तिथली एक मुलगी सुचवली होती आणि आम्हाला न विचारता रविवारचा दिवसही देऊन टाकला होता. 'आमचं जमलं' एवढं एक वाक्य फोनवर बोलायचं होतं. पण मावसभाऊ तापट, आणि मिस्टरांना कुणाचा राग सहन होत नाही. "जाऊन येऊ, पोहे खाऊ, आठवड्यानं पत्रिका जुळत नाही म्हणून कळवू," असं ते म्हणाले, आणि मी लगेच मान डोलावली. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. साडी घेऊन झाल्यावरही आपण शेजारच्या दुकानात डोकावतोच, तसं. आदल्या दिवशी बाभुळगावच्या विहीणबाईंशी बोलताना मी हसत हसत सांगूनही टाकलं, की उद्या आर्णीला जबरदस्तीचे पोहे खायला जायचं आहे. त्याही खूप हसल्या.

आर्णीला मुलीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे आणि त्याच्याच मागे घर. आमच्यासाठी त्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. अंगणात सडा घातलेला, पाय धुवायला पाण्याची बादली, तांब्या, शेजारी खुर्चीवर घडीचा कोरा टॉवेल. मी पाय धुवायला वाकले आणि कमरेला खोचलेला मोबाईल सरळ बादलीत गेला. मी ओरडले. दारामागून एक मुलगी धावत आली, तिने कोपरापर्यंत हात घालून मोबाईल बाहेर काढला आणि नव्या साडीच्या पदराला पुसला. जिला पाहायला आलो होतो तीच ही. मान खाली घालून पोह्यांचा ट्रे घेऊन यायचं ते बाजूलाच राहिलं, ती बाही ओली करून आमच्यापुढे उभी होती आणि फोन हलवून पाणी काढत होती.

फोन बंद पडला होता. माझा जीव खालीवर व्हायला लागला, कारण तारीख कळवायला बाभुळगावचा फोन त्याच दिवशी येणार होता. मिस्टर आपला फोन घरी चार्जिंगला लावून विसरून आलेले. मी म्हटलं, "मुलाचा फोन यायचाय पुण्याहून. लागला नाही तर काळजी करील तो." हे खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मिस्टरांनीही माझ्याकडे पाहिलं.

"मंग सिम काढून माह्या जुन्या फोनमधी टाकून देते न, काकू," मुलगी म्हणाली. "पोराचा फोन अडाले नाही पाह्यजे."

सिमचा कप्पा उघडायला पिन सापडेना. तिने उजव्या कानातलं टॉप्स काढलं आणि त्याच्या दांडीने तो कप्पा बाहेर ढकलला. माझं सिम नखाएवढं, तिच्या जुन्या फोनची जागा मोठी. मग ती आतून प्लास्टिकची चौकट घेऊन आली, नवं सिम ज्यातून तोडून काढतात ती. "लोकं फेकून देतात, मी जपून ठेवते," ती म्हणाली. "फोन बदलला का गल्लीतल्या साऱ्या काकू माह्याचकडं येतात." चौकटीत सिम बसवून तिने खालून चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ते फोनमध्ये सरकवलं. थोड्या वेळाने रेंज आली.

"काकू, ह्याचा आवाज कानाले लावून येत नाही बरं. बिघडला हाये. उचलला का स्पीकरवरच चालू होते."

मी हो हो म्हटलं. माझं लक्ष पडद्याकडे होतं. माझी सगळी माणसं त्या परक्या फोनमध्ये आली होती. दूधवाला, गॅस, मोठी नणंद. मला माझ्या मुलाचा अभिमान वाटला आणि त्या भरात मी नको इतकी गोड झाले. "तुझाही नंबर टाकून ठेव गं माझ्या सिममध्ये," मी तिला म्हटलं. "काहीही ठरलं तरी मी स्वतः तुला फोन करीन." ती टाकायला लागली तेव्हा वर हेही म्हटलं, "नावाने नको, आर्णी मुलगी असं टाक. म्हणजे माझ्या लक्षात राहतं."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तसंच टाकलं. फोनची बॅटरी टिकत नव्हती, म्हणून तिने तो खिडकीजवळ चार्जिंगला लावला.

पोहे आले. ते घेऊन तीच आली, एका कानात टॉप्स आणि दुसरा कान मोकळा. गडबडीत परत घालायचं राहून गेलं असावं. तिच्या आईने खुणेने तिला कान दाखवला, तर तिने हसून मान उडवली. वडील म्हणाले, "पोरगी आमची बोलकी हाये जराशी. मनाले लावून घेऊ नका." मी मनाला काय लावून घेणार? मला ती आवडली होती. शेजारच्या दुकानात डोकावायला आले आणि तिथेच पाय अडकला, असं झालं होतं. मी तिला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. ज्या मुलीला घरी न्यायचंच नाही, तिला सगळं विचारून घेतलं.

तेवढ्यात खिडकीत फोन वाजला. तीच जवळ होती. तिने तो उचलून पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "काकू, बाभुळगाव विहीण," आणि माझ्याकडे घेऊन आली.

"अरे वा! बाभुळगावले कोण दिली?" वडिलांनी विचारलं. त्यांना बोलायला विषय मिळाला होता. "आमचेबी पाहुणे हायेत तिथं." एवढं बोलून ते थांबले. मुलाला बहीण नाही हे आमच्या बायोडाटावर लिहिलेलं होतं आणि त्यांनी तो नीट वाचला होता. ज्या घरात मुलगी नाही आणि मुलाचं लग्न अजून व्हायचं आहे, तिथे विहीण कुठून आली?

"नणंदेच्या मुलीची सासू," मी म्हटलं. "मीही त्यांना विहीणच म्हणते." मिस्टर पोह्यांतले शेंगदाणे चमच्याने बाजूला करायला लागले. वाजून वाजून फोन थांबला. मी सुटले असं मला वाटलं, तोच तो परत वाजायला लागला.

"उचला न काकू, दोनदा आला. काही अर्जंट असन," मुलगी म्हणाली. त्या फोनचा पडदा जरा अडायचा, म्हणून तिनेच माझ्यासाठी हिरवं बटण सरकवलं.

"हॅलो, विहीणबाई! झाली का ती आर्णीची पाहणी?" खोलीभर आवाज घुमला. "उरका लवकर. गुरुजींनी साक्षगंधाची तारीख काढली. आन जबरदस्तीचे पोहे जास्त खाऊ नका बरं!" आणि त्या हसल्या. किती वेळ हसल्या. तो विनोद माझा होता, त्यांनी फक्त परत केला होता.

मला फोन बंद करता येईना. मी बोट फिरवत राहिले, पडदा ऐकेना. मुलीनेच हात पुढे करून तो बंद केला.

चोरी पकडली गेली की आधी राग येतो, निदान मला तरी येतो. मला विहीणबाईंचा राग आला, फोनचा आला, मिस्टरांचा आला. मग मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी त्या दिवसासाठी दाढी केली होती, हनुवटीखाली कापल्याची बारीक खूण होती. ती पाहिली आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ते उठले. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. ते आतल्या दाराकडे पाहून बायकोला म्हणाले, "चहा आन व. पाहुण्यायले निंघाचं असन."

"भाऊ, मले काही सांगाचं होतं," मी म्हटलं. मुलाची आई म्हणून सकाळपासून जपून वापरलेली माझी शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "चहा घ्या."

आम्ही चहा घेतला.

"काकू, सिम काढून देते," मुलगी म्हणाली. ती आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. तिचा अंगठा थोडा वेळ पडद्यावर हलत होता, मला वाटलं फोन बंद करते आहे. मग तिने मागचं झाकण उघडलं, चौकट काढली, चिकटपट्टी सोडवली आणि सिम पदराने पुसलं. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्यात त्याची पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "ओल्या फोनमधी टाकू नका. फोन तांदळात ठेवजा, उद्या चालू होईन." आवाजात ना राग ना रडू. काम घेऊन आलेल्या गल्लीतल्या काकूशी बोलावं तशी बोलली. कान अजून मोकळाच होता.

परतताना यवतमाळ जवळ आल्यावर मिस्टर म्हणाले, "पोहे चांगले होते." मी त्यांना इतकं बोलले की त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग तिथेच गाडीत बसून मी रडले, आणि ते बिचारे काचेतून बाहेर पाहत राहिले.

रडताना मी ठरवलं होतं की घरी गेल्याबरोबर तिला फोन करायचा. पत्रिकेचं वगैरे काही सांगायचं नाही. आमचं आधीच ठरलं होतं, तरी आम्ही तुला पाहायला आलो, तुझा अपमान केला, असं सरळ सांगायचं. स्वतः फोन करीन असा शब्द दिला होता, एवढा तरी पाळायचा. वाक्यं मनात जुळवून ठेवली. संध्याकाळी पुडी सोडून सिम मिस्टरांच्या फोनमध्ये टाकलं. माझी माणसं आली. दूधवाला आला, गॅस आला, नणंद आली. दारव्हा होतं, पुसद होतं, घाटंजी होतं, बाभुळगाव विहीण होती.

आर्णी नव्हतं. मी सिम काढून परत घातलं. तरी नव्हतं. मग तिचा खिडकीतला अंगठा आठवला.

मावसभावाकडे तिचा नंबर होता. तो मागायचं तोंड मला नव्हतं. बाकीच्या मुलींची गावं मी त्याच संध्याकाळी एकेक करून काढून टाकली.

बाभुळगावची मुलगी आता आमची सून आहे, आणि गुणाची आहे. मागच्या दिवाळीला मुलाने मला नवा फोन पाठवला, तेव्हा सिम तिनेच त्यात घातलं. नंबर दाखवून म्हणाली, "पाहा आई, तुमची सगळी माणसं आली." मी हो म्हटलं. ती आत गेल्यावर यादी वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतली. फोन बदलला की मी दरवेळी पाहते.