पालथा ग्लास

बैठकीत ग्लास मांडले की नाना आपला ग्लास पालथा घालायचे आणि म्हणायचे, "मी आपला नुसता बसतो, राव."

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल. पण आमचे नाना नारायणगावाजवळच्या वाइन कारखान्यातच कामाला होते. लाल वाइनसाठी काळी द्राक्षं सालींसकट आंबवतात. टाकीत वर आलेल्या साली दांड्याने पुन्हा पुन्हा खाली दाबायच्या, हे नानांचं काम. हंगामभर त्यांची नखं जांभळी असायची. मी तिथेच ऑफिसात द्राक्षखरेदी बघतो.

नव्या टाकीतली पहिली वाइन सगळ्यांनी मिळून चाखायची, ही आमची रीत. नाना घरून शेंगा भाजून आणायचे आणि दाराजवळ बसायचे. "नाना, माळ घातली का?" असं कोणी डिवचलं तर हसायचे. तरुणपणी एकदा घेतली होती, सोसली नाही, असं सांगायचे. ते कोणाला खरं वाटत नसे.

मग त्यांची बायको गेली. मुलगी लग्न होऊन नगरला गेली. आळे गावातल्या घरात ते एकटे उरले. "घरी टीव्हीच बोलतो माझ्याशी," असं एकदा सहज म्हणाले होते.

त्या वर्षी त्यांनी ग्लास सरळ ठेवला.

"वता थोडी."

दोन घोटांत चेहरा, मान लालबुंद झाली. नाक चोंदलं. डोकं दोन्ही हातांनी धरून ते बसले. नानांना लगेच चढली म्हणून सगळे हसले. मीही हसलो. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे ड्रायव्हरला उठवून मी त्यांना जीपमधून दवाखान्यात नेलं.

ही चढलेली नाही, डॉक्टर म्हणाले. काहींना लाल वाइन सोसतच नाही. सालींतून तिच्यात काय काय उतरतं, आंबताना काही तयार होतं, शिवाय काहींच्या अंगाला दारूच नीट पचत नाही. यांना नेमकं कशाने झालं ते सांगता येणार नाही, पण पुन्हा घ्यायची नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर नुसतं बसलं तर चालंल ना?"

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही. परतताना जीपमध्ये नाना म्हणाले, "बोलवत जा, राव. शेंगा आणीन मी." मी हो म्हणालो.

पुढच्या वर्षी बैठक एकाच्या शेतावर ठरली. नानांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. वासाने त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे न पिणारा माणूस समोर असला की आम्हाला मोकळं वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ते टाकी धूत होते. शेंगांची पिशवी खुंटीला टांगलेली होती.

"काल झाली म्हणं बैठक."

"घाईत ठरलं, नाना."

"असू द्या," म्हणाले आणि टाकी धूत राहिले.

पुढे ते मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

यंदाच्या बैठकीत मी ग्लास पालथा घातला. कोणी काही विचारलं नाही. वाइनचा जग माझ्यापर्यंत यायचा, मला ओलांडून पुढे जायचा. बोलणंही त्याच्यामागे जायचं. थोड्या वेळाने पाहिलं तर मी दाराशी सरकलो होतो. समोर दुकानातले खारे दाणे होते. शेंगा कोणी आणल्या नव्हत्या.